स्मिथ बेटाचा केक आणि त्यावरील आटीव लेप

अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या पूर्व भागात चेसापीक नावाचा विस्तीर्ण उपसागर आहे. त्याच्या काठावरील क्रिसफील्ड या बंदरगावातून होडीने सुमारे १९ किलोमीटर गेल्यावर स्मिथ बेट लागते. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल नाही. किराणा, टपाल, औषधे आणि माणसे, सारे काही होडीनेच येते व जाते. इवेल, ऱ्होड्स पॉइंट आणि टायलर्टन अशी तीन लहान खेडी येथे आहेत. तेथे नगरपालिका नाही. गावाचा बराचसा कारभार मेथडिस्ट चर्चच्या आधाराने चालतो.

सतराव्या शतकात इंग्लंडहून आलेली कुटुंबे येथे स्थायिक झाली. खेकडे व कालवे धरणे हीच त्यांची पिढीजात उपजीविका. असा व्यवसाय करणाऱ्या या खाऱ्या भूमीची ओळख मात्र एका गोड पदार्थाने जगभर पोहोचली, आणि तो घडविला घरातील स्त्रियांनी.

स्मिथ बेटाचा केक म्हणजे आठ ते दहा पातळ थरांची उतरंड. प्रत्येक थर वेगळा भाजायचा आणि प्रत्येकावर चॉकलेटचा लेप पसरायचा. लोणी व साखर नुसती फेटून केलेल्या नेहमीच्या आयसिंगहून हा लेप वेगळा, कारण तो चुलीवर शिजवलेला असतो. शरद ऋतूत पुरुष कालवांच्या हंगामासाठी दिवसेंदिवस पाण्यावर असत, तेव्हा शिदोरीत हा केक दिला जाई. आटीव लेपामुळे केक अधिक दिवस मऊ व ताजा राहतो, हे गृहिणींनी अनुभवाने ओळखले होते, असे बेटावर सांगतात.

लेपाचे साहित्य अगदी साधे आहे : सुमारे ४०० ग्रॅम साखर, २४० मिलिलिटर बिनसाखरेचे डब्यातील आटीव दूध, १४० ग्रॅम बिनगोड चॉकलेट, ११३ ग्रॅम बिनमिठाचे लोणी आणि थोडा व्हॅनिला अर्क. साखर व दूध मंद आचेवर कोमट होईपर्यंत ढवळायचे. त्यात आधी चॉकलेट व मग लोणी विरघळवायचे. नंतर दहा ते पंधरा मिनिटे हळूहळू उकळू द्यायचे आणि शेवटी अर्क घालायचा. उतरवताना मिश्रण पातळच दिसते; निवताना ते दाटते. वडीची चाचणी जाणणाऱ्या मराठी गृहिणीला ही रीत परकी वाटणार नाही. केकच्या मूळ कृतीत अंडी असतात, लेपात मात्र नसतात. त्यामुळे अंड्याविना केलेल्या केकवर किंवा बिस्किटांवरही तो पसरता येतो.

ही कृती दीर्घकाळ आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे जात राहिली. इवेल येथे पाहुण्यांना जेवू घालणाऱ्या फ्रान्सिस किचिंग यांचे पाककृतींचे पुस्तक १९८१ साली निघाले आणि बेटाचे स्वयंपाकघर बाहेरच्या जगाला परिचित झाले. १ ऑक्टोबर २००८ पासून हा केक मेरीलँडचे अधिकृत राज्य-मिष्टान्न ठरला. मागणी वाढली, केक डब्यांत भरून दूरवर जाऊ लागले आणि घरच्या कौशल्याला बाजारात किंमत आली.

मात्र बेटाची स्थिती बिकट आहे. जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम काही फूट उंच. लाटा किनारा कुरतडतात आणि पाणी चढते. तरुण मंडळी शिक्षणासाठी व रोजगारासाठी क्रिसफील्डच्या पलीकडे जातात. २०२० च्या जनगणनेत येथे सुमारे २०० माणसेच उरली होती. २०१२ च्या सँडी वादळानंतर राज्याने घरे विकत घेऊन रहिवाशांना बाहेर वसविण्याचा प्रस्ताव ठेवला. बेटकऱ्यांनी एकत्र येऊन तो नाकारला. घरांचे मोल देता येते. शेजार, प्रार्थनागृह आणि पूर्वजांच्या समाध्या यांचे मोल कसे करावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

ज्यांचे पूर्वज पोटापाण्यासाठी गाव सोडून दूरच्या पेठांत गेले, त्या व्यापारी घराण्यांना हा पेच अनोळखी नाही. मूळ गावातील वाडा मोडकळीस येतो, पण त्या घरची लोणच्याची वा लाडवाची रीत शहरातील स्वयंपाकघरात टिकून असते. स्मिथ बेटाचा केक आज मुख्य भूमीवरही तयार होतो. कृती छापलेली आहे, साहित्य कोठेही मिळते. तरीही लेप नेमका केव्हा उतरवावा हे कागदावरच्या मिनिटांपेक्षा शेजारी उभे राहून पाहिल्याने लवकर कळते. ते दाखविणारी वडीलधारी स्त्री घरात आहे, तोवर लेकीसुनांनी तिच्या शेजारी उभे राहून पातेले ढवळून घ्यावे.