गोत्रीचा गरबा आणि बाबांचा कॅमेरा

गणपती विसर्जन झाले की आम्हा बडोदेकर मराठी मंडळींना नवरात्राचे वेध लागतात. इथे गोत्रीत सोसायटीच्या अंगणातच गरबा असतो. मधोमध अंबामाता, भोवती फिरणारे रिंगण, वर दिव्यांच्या माळा. डोळ्यांना लखलखाट, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने काळोखच!

बाबांचा कॅमेरा फिल्मचा. ४०० आयएसओचा रोल, ३६ फोटो. त्यातले पाच-सहा गरब्याच्या वाट्याला. शटर सेकंदाचा १/१५ भाग उघडे ठेवावे लागे. खांबाला टेकून, श्वास रोखून ते फोटो काढत. माझा डिजिटल कॅमेरा ६४०० आयएसओवर, म्हणजे सोळापट संवेदनशील. तेवढ्याच उजेडात त्याला १/२५० सेकंद पुरतो. थोडे दाणे दिसतात, पण चेहरे स्पष्ट येतात.

गेल्या वर्षी पहिल्याच रात्री मी तीनशे फोटो काढले. बाबा हल्ली गुडघ्यांमुळे खुर्चीतच बसतात. फोटो बघून म्हणाले, "छान आलेत रे, पण सगळे स्टॅच्यू खेळतायत असं वाटतं."

दुसऱ्या रात्री मीही ४०० आयएसओ आणि १/१५ लावले आणि खांब गाठला. बरेच फोटो वाया गेले. एकात मात्र घागऱ्यांचे रंग गोल फिरत पसरले होते आणि पलीकडे खुर्चीत शांत बसलेले बाबा तेवढे स्पष्ट आले होते.

तोच फोटो छापून जुन्या अल्बममध्ये लावला. त्या अल्बममधल्या गरब्यात बाबा कुठेच नव्हते. कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा ना!