दोन कार्डं, एक फॉर्म आणि 'मिनिमम ड्यू'

परवा संध्याकाळी घरी एक पोरगा आला. जुन्या मित्राचा मुलगा, सोलापुरात एका बँकेच्या कार्ड विभागात कंत्राटावर आहे. बार्शीत ओळखीपाळखीच्यांकडे फिरत होता. चहा झाला आणि त्याने बॅगेतून दोन माहितीपत्रकं काढली.

"काका, ताई दिल्लीला शिकतीय ना? मग कार्ड घ्याच. एकतर हे ट्रॅव्हलचं प्रीमियम, नाहीतर हे विमान कंपनीचं."

पहिल्याची वार्षिक फी दहा हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. बदल्यात विमानतळावर लाउंज, हॉटेलात सवलत, आणि पॉइंट वेगवेगळ्या विमान कंपन्यांकडे वळवायची सोय. दुसऱ्याची फी पंधराशे, पण पॉइंट एकाच कंपनीचे.

आमच्या हिच्या डोळ्यांसमोर लगेच लाउंज आलं. "अहो, पोरगी तिथं नीट बसेल तरी, जेवेल." आईचं म्हणणं बरोबर होतं. पण लाउंज कार्डधारकाला असतं. विमानात बसणार लेक आणि कार्ड माझ्या नावावर. मग तिला अ‍ॅड-ऑन कार्ड काढायचं, त्याचं बिल पुन्हा माझ्याच नावावर. शिवाय हल्ली बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच लाउंजचं दार उघडतं. वर्षाला आठ लाख खर्च केला तर फी माफ, असंही तो म्हणाला. आमच्या घराचा सगळा खर्च मिळून साडेतीन लाखाच्या पुढे जात नाही. त्यातला निम्मा दूधवाला, भाजी आणि घरभाड्याचा. किराणावाला तर कार्ड काढलं की "दोन टक्के जादा पडतील" म्हणतो. त्याचंही चुकत नाही, मशीनचे पैसे त्याच्याच खिशातून कापले जातात. आपले पॉइंट बऱ्याच अंशी तिथूनच येतात.

मग विमान कंपनीचं घ्यावं? इथे माझ्यातला बातमीदार जागा झाला. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं, तेव्हा पॉइंट जमवून बसलेल्या लोकांचे चेहरे मी पाहिलेत. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले खरे, पण ज्या कंपनीसाठी लोकांनी कार्ड घेतलं होतं ती उरली नाही. तिकीट आज काढतो, पॉइंट मात्र उद्याच्या भरवशावर असतात.

आणि आमच्या भागाचं काय? सोलापूरच्या विमानतळासाठी १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली. किती राजकारण झालं, आपण सगळ्यांनी पाहिलं. जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, नंतर मुंबईचं. उडवतात फ्लाय-९१ आणि स्टार एअर. पोराच्या कार्डावरची कंपनी सोलापूरला उतरतच नाही. म्हणजे लेकीला त्या पॉइंटवर यायचं तर दिल्लीहून पुणे आणि पुढे दोनशे किलोमीटर एसटी. त्यापेक्षा कर्नाटक एक्सप्रेस तिला थेट सोलापुरात आणून सोडते.

तरीही खरं सांगतो, मला विमान कंपनीचं कार्ड घ्यावंसं वाटत होतं. फी कमी, वर्षाला चार तिकिटं, हिशोब बसत होता. बिल दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्यासाठी तेच बरं. जो महिन्यातून दोनदा विमानाने फिरतो, त्याने खुशाल महागडं घ्यावं.

हात आखडला तो वेगळ्या कारणाने. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पेपरने पगार निम्मा केला तेव्हा माझ्याकडे एक कार्ड होतं. बँकेचं नाव सांगत नाही. साठ हजार थकले आणि मी मिनिमम भरत राहिलो. मिनिमम पाच टक्के, म्हणजे तीन हजार. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,१००. त्या व्याजावर जीएसटी ३७८. तीन हजार भरले की मुद्दल कमी व्हायची ५२२ रुपयांनी. वर नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. हे हिला दीड वर्ष कळू दिलं नव्हतं. शेवटी तिच्या बांगड्या मोडल्या तेव्हा फिटलं. कुणाच्या तरी लाउंजमधल्या कॉफीत माझेही पैसे असणार, हे मला फार उशिरा उमगलं.

वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज अनुचित आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. आपल्याकडे त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींची. मीही त्या दिवशी वाळूच्या ट्रकची बातमी मोठी लावली होती.

हे सगळं मी पोराला सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता. मग म्हणाला, "काका, सही तरी करा. महिनाअखेर आहे, दोन कार्डं कमी पडतायत. मग बंद करून टाका." नियम त्याला पाठ होता. बंद करायचा अर्ज दिला की सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेला दिवसाला पाचशे रुपये दंड. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, बिल थकलेलं नसेल तर.

मी सहज विचारलं, "तुझ्याकडे कुठलं आहे रे?"

"हेच. प्रीमियम. स्टाफला पहिल्या वर्षी फुकट होतं."

"मग विमानात बसलास का?"

"नाही अजून."

"बिल किती आहे?"

तो थोडा वेळ कपाकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, "चाळीस हजार आहे काका. मिनिमम भरतोय. घरी सांगू नका."

फॉर्म टेबलावरच होता. मी तो उलटा केला, त्याच्याच खिशातला पेन घेतला आणि आम्ही दोघं चाळीस हजारांचा हिशोब मांडायला बसलो. ही आतून विचारत होती, "काय ठरलं? कुठलं घेताय?"