आधी अर्थिंग

बाबांचं आमच्या जऊळका गावात मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या. बाबा काळी पडलेली तार उपटायचे, वेढे मोजायचे आणि तेवढेच वेढे घालून नवी तार भरायचे. कॉम्प्युटर त्यांनी कधी उघडून पाहिला नव्हता. तरी माझा पहिला कॉम्प्युटर आम्ही दोघांनी मिळून जोडला. वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात काढल्यावर मी खात्रीने सांगतो, त्या जोडणीतलं मोलाचं काम बाबांनी केलं.

साल 2004. आमचा रेल्वेमार्ग ब्रॉडगेज व्हायला 2008 उजाडलं, त्यामुळे गाडी अजून मीटरगेजची होती. त्या गाडीने अकोल्याहून सुटे भाग आणले. मांडीवर मदरबोर्डाचं खोकं, पायांशी पंधरा इंची मॉनिटर. घरी येऊन खोकी फोडायला बसलो, तर बाबा म्हणाले, "पयले अर्थिंग पाय."

त्यांनी रिकाम्या कॅबिनेटमधल्या एसएमपीएसला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याला, वीज दिली, मीटरची एक तार पत्र्याला लावली आणि दुसरी अंगणातल्या ओल्या मातीत खोचली. काटा एकशे दहाच्या आसपास थांबला. घरातल्या सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्यामागे तारच नव्हती. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की पत्र्यावर जवळपास निम्मा व्होल्टेज उभा राहतो. करंट अगदी थोडा असतो, बोटाला मुंग्या येतात एवढाच. पण पोर्टात केबल खोचताना नाजूक चिप जायला तेवढा पुरतो. हे कारण मला पुढे शिकताना कळलं. बाबांनी मीटर पाहून एवढंच म्हटलं, "हे तुह्या मशीनले खाईन."

दोन दिवस आम्ही अंगणात खड्डा खणला. वर काळी माती, खाली मुरूम. जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि जाड्या मिठाचे थर दिले, वरून पाणी सोडलं. मग बाबांनी फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावला. तो न्यूट्रलवर पेटतो तसाच लख्ख पेटला, तेव्हा कुठे मला स्क्रू ड्रायव्हर मिळाला.

प्रोसेसर बसवताना माझा हात थरथरत होता. सॉकेटची दांडी उचलली, कोपऱ्यातली खूण जुळवली, की तो आपल्या वजनानेच खाली बसतो. दाबलं तर पिना वाकतात. बाबांनी तो बारीक तारेची सवय असलेल्या बोटांनी अलगद सोडला. बटण दाबलं, तर पडदा काळाच, नुसती लांब लांब बीप. मी पुस्तिका चाळू लागलो. बाबांनी रॅम काढली, सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवलं आणि दोन्ही चाप आपसूक मिटेपर्यंत ती दाबली. या वेळी एकच छोटी बीप आली आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. त्या एका बीपसाठी मी आजही कान टवकारतो.

जोडलेला कॉम्प्युटर कंपनीच्या मालापुढे कमी, असं तेव्हा गावात बरेच जण म्हणत. मला ते कधी पटलं नाही. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याला जन्मलेल्या विजय भटकरांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये 1991 साली 'परम 8000' महासंगणक उभा केला, तोही 64 ट्रान्सप्युटर प्रोसेसर एकमेकांना जोडूनच. अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक नाकारल्यावर तो झाला. नीट जोडणं हीच तर कारागिरी आहे.

आता दुरुस्तीला मशीन आलं, की आधी मी गिऱ्हाइकाच्या घरच्या अर्थिंगची चौकशी करतो. पुन्हा पुन्हा जाणारे मदरबोर्ड, हात लावताच झिणझिणणारा प्रिंटर, यांचं मूळ बरेचदा त्या तिसऱ्या भोकाशी निघतं. तुमच्या घरीही जाणत्या वायरमनकडून ते एकदा तपासून घ्या. आणि चैत्र-वैशाखात काळी माती भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतत जा.