बघे आणि नोकरचाकर

वैशाखऱ्याहून नाणेघाट चढताना घाम आणि मागच्या टोळक्याच्या स्पीकरवरची गाणी, एवढंच वाट्याला आलं. डोंगरात स्पीकर आणणाऱ्यांकडून जबर जकात घ्यावी असं माझं ठाम मत आहे. घाटाच्या माथ्यावर त्यासाठी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण तयारच आहे.

घाटातल्या गुहेत मात्र मी रेंगाळलो. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या मंडळींचे पुतळे होते. आता वर त्यांची नावं आणि खाली पावलांच्या खुणा. बाजूच्या भिंतींवर नागनिका राणीचा दोनेक हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख. वाचता येत नाही, म्हणून भाषांतराची झेरॉक्स नेली होती. यज्ञांमागून यज्ञ आणि त्यांची दक्षिणा: ११,००० गायी, १,००० घोडे. एका यज्ञाला २४,४०० कार्षापण नाणी, आणि बघे व नोकरचाकर यांना मिळून ६,००१.

तिथे अडखळलो. या लेखात मी असतो तर याच रकमेत, नावगाव नसलेला, एखाद्या पाणक्याशेजारी. आजही निराळं काय आहे? सरकारं पडतात, युद्धं होतात, मी लोकलमध्ये मोबाइलवर बघतो. बघ्यांना निदान कार्षापण तरी मिळाले.

वर पठारावर घाटघरच्या एक मावशी भाकऱ्या थापत होत्या. शेजारी गोणपाटावर हिरडा वाळत पडलेला. पिठलं, ठेचा, कांदा. पिठलं असं पातळच हवं. घट्ट पिठलं मला खपत नाही. खाता खाता त्यांना दक्षिणेचे आकडे वाचून दाखवले.

"अकरा हजार गाया?" भाकरी उलटत त्या म्हणाल्या. "आन् चारा कुठला वो? आमची चार जनावरं उन्हाळ्यात जगवताना जीव जातो."

मी झेरॉक्स चाळली. चाऱ्याचं काही नव्हतं.

"मावशी, गुहेतला लेख बघितलात?"

"पावसात बसतो की तिथं. आमचे सासरे याच वाटेनं कोकणातनं मीठ आणायचे डोक्यावर. त्याचं लिवलंय का काई?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या." त्यांनी न विचारताच आणखी एक भाकरी ताटात टाकली आणि यंदा व्यापारी हिरड्याला किती पाडून भाव देतो, ते सविस्तर ऐकवलं. माझा कागद घडी होऊन खिशात गेला.

शेजारचा जीवधन किल्ला राहिला, भाकरीनंतर पाय उचलेनात.

तुम्ही गेलात तर गुहेत शिरण्याआधीच मावशींना जेवणाचं सांगून ठेवा. त्या भाकऱ्या मोजून थापतात.