टिपेश्वरहून बाबांना

पांढरकवडा, शनिवार रात्र

ती. बाबांना सा. न.

धामणगावला उतरून यवतमाळ, तिथून इथं. दोन एसट्यांनी कंबर मोडली. थंडी अशी की बोटं वळत नाहीत, अक्षर सांभाळून घ्या. दुसरं ब्लँकेट मागितलं तर लॉजचा मॅनेजर म्हणाला, "एका माणसाला एकच." गिझर सहाला सुरू होतो, मला साडेपाचला निघायचंय.

जेवण मात्र! पाटवडीचा रस्सा, वर बोटभर तर्री, ज्वारीची भाकरी. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी भाकरी मागतच गेलो. आईला पित्ताचं सांगू नका.

रविवार रात्र

तुम्ही आग्रहानं दिलेले बूट जिप्सीत नुसते बसून आले. टिपेश्वरच्या अभयारण्यात गाडीतून पाय खाली टेकवायचा नाही. गुडघा धरण्याआधी तुम्ही दर रविवारी कान्हेरीपर्यंत चालायचात. आपलं बोरिवलीचं जंगल 104 चौरस किलोमीटर, हे 148, आणि मी कुडकुडत बसून! साग, रोही, चितळ, टिपाईचं देऊळ. वाघ नाही.

कुरकुरलो तर ड्रायव्हर म्हणाला, "पायी काऊन फिरता जी? पायी फिरणारा आमचा वाघ हाय." 2019 मध्ये इथून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ. वावरं, नाले, हमरस्ते ओलांडत, तेलंगणात डोकावून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. एकूण चाल 3,000 किलोमीटरच्या वर. जोडीदारीण शोधत असावा, म्हणतात.

ऐकायला मजा वाटली. पण परतताना कापूस वेचायला निघालेल्या बायका दिसल्या, घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत. माणसं मारल्याचा ठपका असलेली अवनी वाघीण 2018 मध्ये मारली गेली ती इथून जवळच, राळेगावकडे. आपण बिबट्यांच्या जंगलात हौसेनं चालतो आणि घरी येऊन पावलं मोजतो. यांना पोटासाठी रोज वाघाच्या शेजारून जावं लागतं.

संध्याकाळी हट्टानं बूट घालून रस्त्यानं निघालो. जो तो मोटारसायकल थांबवून विचारी, "बसा ना जी, सोडून देतो." कारणाशिवाय कोणी चालतं हे त्यांना पटेना. शेवटी एकाच्या मागे बसलो.

प्लंबर आला का? काम झाल्याशिवाय पैसे देऊ नका. मंगळवारी विदर्भ एक्सप्रेसनं निघतो. स्टेशनवर येऊ नका, जिना तुमच्या गुडघ्याला झेपणार नाही.

तुमचा,
बंडू