पेठेतील जागा

सांगलीच्या गणपती पेठेतील आमच्या वाड्यात खाली हळदीची पेढी, वर तीन भावांची बिऱ्हाडे. पेठेत मोकळी जमीन उरलेली नाही. म्हणून विकासकांची दृष्टी जुन्या वाड्यांकडे वळली आहे. आमच्याकडेही प्रस्ताव आला. थोरल्या काकांनी चटईक्षेत्राआधी एकच विचारले, ‘पाणी कोठवर येईल?’ ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली, तेव्हा पेढीतील पोती भिजली. वरच्या मजल्याने आम्हांस तारले. म्हणून तळमजला वाहनांसाठी सोडून पेढी पहिल्या मजल्यावर असावी, अशी आमची अट आहे. तळमजल्यावरील गाळ्यांनाच अधिक भाव येत असल्याने विकासक नाखूश आहे. गिऱ्हाईक जिना चढेल का, ही धाकट्यांची शंकाही रास्त आहे. तरीही ही अट मान्य झाल्याखेरीज काका सही करणार नाहीत आणि आम्ही सर्व त्यांच्या पाठीशी आहोत.