विमानाचे पायमोजे

सैल झालेल्या वस्तूला तार गुंडाळणे हा आपल्या मध्यमवर्गीय संसारातील सर्वमान्य उपचार आहे. स्कूटरचा मडगार्ड खडखडू लागला, बादलीची कडी निसटली, की वीतभर तार पुरते. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षे फिटर म्हणून काढली. तेथे केसाच्या जाडीवरून वाद घालणारा मी, घरी आल्यावर मात्र बिनदिक्कत तार गुंडाळीत असे. कारखान्यातील ते काम आणि घरातील ते नुसते भागवणे, असा भेद मी मनाशी करून टाकला होता. तो भेद मोडला अमेरिकेत, मुलाच्या विमानाखाली उताणा पडलो असताना.

‘मुलाचे विमान’ म्हणताना आजही जीभ थोडी अडखळते. आमच्या लहानपणी विमान म्हणजे नेवाळीची धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धात सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन ती बांधली. पुढे विमाने गेली, जमिनीचा तंटा तेवढा राहिला. जून २०१७ मध्ये तो उग्र रूपाने पेटलाही. त्या ओसाड पट्टीवर आम्ही पोरे हात पसरून धावत असू. विमान ही सरकारने बाळगावयाची आणि प्रजेने मान वर करून पाहावयाची वस्तू, अशी आमची समजूत. म्हणून मुलाने जेव्हा फोनवर सांगितले, की मी गॅरेजात विमान बांधावयास घेतले आहे, तेव्हा ‘घराचे हप्ते फिटले का?’ एवढेच मी विचारले. नंतर दोन वर्षे त्याने विमानाचे नाव काढले नाही, आणि मीही काढले नाही.

तो अबोला एका बातमीने सुटला. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला चारकोपात, इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनांचे विमान २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले होते. (पुढे २०१७ साली ते नोंदले गेले आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले.) ती बातमी वाचून मी आपण होऊन फोन केला आणि विचारले, ‘‘तुझे कुठवर आले?’’ पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो अर्धा तास बोलत होता.

अमेरिकेत हा छंद जुना आहे. अशा हौशी कारागिरांची संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकी येथे स्थापन केली. विमानाचे निम्म्याहून अधिक काम शिकण्यासाठी वा हौसेखातर केलेले असावे, असा तेथील कायदा आहे. हे सारे मला मुलाने समजावून दिले ते आम्ही उभयता त्याच्याकडे उन्हाळ्यात गेलो तेव्हा. विमान तोवर दीडशे तास उडाले होते.

त्याच्या चाकाचा पाय म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची एक गोल कांब. गोल कांब वाऱ्याला फार अडते. तेवढ्याच जाडीच्या, पण माशाच्या अंगासारख्या निमुळत्या वस्तूपेक्षा सुमारे दहापट. म्हणून त्या पायाला फायबरचे निमुळते आवरण घालतात. मागच्या कडेला लांब पियानो बिजागरी असते. तिच्यातील तार ओढली की आवरण उघडते. जेथे पाय विमानाच्या पोटात शिरतो, तेथे स्क्रूंनी बसविलेली एक लहानशी कॉलर असते. आमच्या सौभाग्यवतींनी या सर्वांचे नाव एका शब्दात ठेवले : पायमोजे.

तर या पायमोज्यांची कॉलर दुखत होती. स्क्रूंची भोके लांबट झाली होती, एक कोपरा तडकला होता. मुलाने दोनदा जाड स्क्रू घालून पाहिले होते. मी म्हणालो, ‘‘अरे, आणखी जाड घाल आणि आवळून टाक. हे काही भार वाहत नाही, नुसते पांघरूण आहे.’’

‘‘बाबा,’’ तो म्हणाला, ‘‘हे पांघरूण सैल होऊन फिरले तर सुकाणूसारखे विमानाला एका अंगाला ओढील. सुटून चाकात अडकले, तर उतरताना विमान गर्रकन फिरेल.’’

मी मुकाट्याने खाली शिरलो. कॉलरच्या आतल्या कडेला रंग जाऊन एक चकचकीत रेघ उमटली होती. जेथे घासते तेथे चकाकते, आणि जेथे चकाकते तेथे दोष असतो, हे चौतीस वर्षांनी मला शिकविले होते. विमान जमिनीला टेकले की पाय वाकतो, आवरण त्याच्याबरोबर सरकते. कॉलर मात्र पोटाला घट्ट. दोहोंत फटच नव्हती, म्हणून प्रत्येक उतरण्याचा धक्का स्क्रूंना बसे. स्क्रू दुबळे नव्हते. आवळून आवळून आम्ही रोग वाढवीत होतो.

दुरुस्तीला तीन दिवस लागले. कानशीने कड घासून फट ठेवली, तीवर रबराची पट्टी लावली. तडकलेल्या भागाच्या पाठीमागे काचेच्या कापडाचे दोन थर राळेत भिजवून चिकटविले. लांबट भोके कापसाचे तंतू कालवलेल्या राळेने बुजवून नव्याने पाडली, आणि या वेळी कडेपासून दूर. मग चाके अधांतरी राहतील इतके विमान उचलले, कारण हवेत पायावर भार नसतो. नाकापासून शेपटीपर्यंत ओळंबे सोडले, जमिनीवर सूत मारले आणि आवरणाची मागची कड त्या रेघेशी समांतर केली. गवंड्याचा ओळंबा विमानालाही लागतो हे पाहून मला विलक्षण आनंद झाला.

त्या रात्री मुलगा म्हणाला, ‘‘उद्या सकाळी मी एकटा उडवून पाहीन. ठीक असले तर तुम्ही बसाल?’’ मी हो म्हणालो आणि अंथरुणावर पडलो. पण झोप येईना. कारखान्यात माझ्या हातचा तुकडा तपासनिसाकडे जाई; पुढे त्याचे काय होते हे मला कधी कळले नाही. येथे माझा हात आणि मुलाचा जीव यांच्यामध्ये कोणी तपासनीस नव्हता. आणि मला आठवले, की शेवटच्या स्क्रूखाली मी वायसर घातलाच नव्हता. पुडी संपली होती. दुसरी फोडण्याचा कंटाळा केला होता. ‘एवढ्याने काय होते’ असे मनाशी म्हणालोही होतो. तो तार गुंडाळणारा मी होतो.

सकाळी त्याला सांगताना माझा आवाज लहान झाला. बापाने मुलापुढे चूक कबूल करण्याची आमच्या घरात रीत नव्हती. तो रागावला नाही. त्याने नवी पुडी फोडली, वायसर आणि पेचकस माझ्या हाती दिला व स्वतः विजेरी धरून उभा राहिला.

तो एकटा उडाला ती वीस मिनिटे मी धावपट्टीच्या कुंपणाशी कशी काढली ते लिहीत नाही. नंतर मी बसलो. पायमोजे आतून दिसत नाहीत; मी सर्व वेळ कान देऊन होतो. उतरल्यावर दोघेही प्रथम खाली वाकलो. फट जशीच्या तशी होती. विमानाच्या वहीत त्याने दुरुस्तीची तारीख आणि तपशील लिहिला, खाली माझेही नाव घातले. मी त्याला एवढेच म्हणालो, ‘‘काम चांगले केले आहेस.’’ विमान बांधून झाले तेव्हाच हे म्हणावयास हवे होते.

अंबरनाथला परतल्यावर स्कूटरच्या मडगार्डची तार मी सोडून टाकली. त्या मापाचा वायसर बदलापुरात मिळाला नाही. उल्हासनगरात मिळेल म्हणतात. तेथे मिळत नाही अशी वस्तू नाही, असा आमच्याकडील समज आहे. तोवर मडगार्ड खडखडतो, आणि मी तो खडखडू देतो.